सभा पुढे ढकलली, पण कुणी आणि कुणासाठी?

“ताई, आज सभा नाही. परवा घेणार म्हणत्यात.”

गेल्या वर्षी मराठवाड्यातल्या एका गावात ग्रामपंचायतीच्या पायरीवर मी हे ऐकले. ग्रामसभेची नोटीस आठ दिवस आधी फलकावर लागली होती. पाण्याच्या टाकीची जागा आणि गावातली चोरटी दारू हे दोन विषय बायांनी भांडून त्यात घालून घेतले होते. सोयाबीन काढणीचे दिवस असूनही त्या मजुरी बुडवून आल्या होत्या. बायापुरुष मिळून शंभरावर माणसे जमली होती आणि दाराला कुलूप होते. कारण काय, तर सरपंचबाईंच्या मालकांना तालुक्याला काम निघाले! निरोप रात्रीच व्हॉट्सॲपवर टाकला होता म्हणे. मोबाइल नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या खिशात. बायांना कोण सांगणार?

परवाच्या सभेला जेमतेम वीस माणसे आली. दुसऱ्यांदा मजुरी बुडवणे कुणाला परवडणार? टाकीची जागा दहा मिनिटांत ठरली, बायांना नको होती तीच. दारूचा विषय “पुढील सभेत” गेला. इतिवृत्तात लिहिले गेले, “गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा.”

मैत्रिणींनो, खरी मेख या एका ओळीत आहे. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती नसली तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. पण तहकूब होण्यासाठी सभा आधी भरावी लागते. अध्यक्षाने खुर्चीवर बसायचे, माणसे मोजायची, मग तहकुबी जाहीर करायची. इथे तर कुलूपच उघडले नव्हते. गणपूर्ती पायरीवर उभी होती, गैरहजर होता तो कारभार! जी सभा भरलीच नाही ती तहकूब कशी होईल? ती नव्यानेच बोलवायला हवी: नवी नोटीस, पुरे दिवस, पुरी गणपूर्ती. “ढकलली” आणि “तहकूब केली” यांतला हा फरक आम्हांला ठाऊक नाही, या भरवशावर गावोगाव कारभार चालतो.

एकदा रीतसर बोलावलेली सभा बोलावणाऱ्याला मनात येईल तेव्हा पुढे ढकलता येत नाही, हे तत्त्व जुनेच आहे. इंग्लंडमधल्या एका खाणकंपनीच्या संचालकांनी बोलावलेली सभा पुढे ढकलली, तरी काही भागधारक ठरल्या दिवशी जमले आणि त्यांनी निवडणूक उरकली. १९०६ साली न्यायालयाने ती निवड ग्राह्य धरली, कारण सभा पुढे ढकलण्याचा अधिकार कंपनीच्या नियमांनी संचालकांना दिलेलाच नव्हता. भागधारकाच्या दिवसाला किंमत आहे, मग मजूर बाईच्या दिवसाला का नाही?

कुणी म्हणेल, तारखेचे एवढे काय घेऊन बसलात? १९९३ मध्ये ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली, २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असे कायदाच सांगतो. हे सगळे मिळाले. पण सभा कधी भरणार हे ठरवणारा जर मालकच असेल, तर निम्म्या खुर्च्या घेऊन करायचे काय? बाईचा वेळ म्हणजे फुकटचा, केव्हाही हलवता येणारा, हा घरातला समज पंचायतीत तसाच चालत आला आहे. घरी तिचे जेवण सगळ्यांच्या नंतर, गावात तिची सभा सगळ्यांच्या सोयीनंतर.

आणि बोट फक्त गावाकडे दाखवून भागणार नाही. आपल्या संस्था काय करतात? मी काम करत होते त्या एका संस्थेत विश्वस्तांपैकी एकांचे विमान चुकले म्हणून वार्षिक सभा आदल्या संध्याकाळी रद्द झाली. वस्तीतल्या धुणीभांडी करणाऱ्या सभासद बाया चार घरी खाडा सांगून बसल्या होत्या. त्यांना कुणी विचारले नाही. निरोप द्यायला मलाच धाडले आणि मी निमूटपणे गेले. त्याची लाज अजून वाटते. विषय होता मानधनवाढीचा. पुढच्या तारखेला त्या बायांपैकी एकही आली नाही आणि विषय “एकमताने” निकालात निघाला.

म्हणून आपल्यापासून सुरुवात करू. नोटीस निघाली की सभा ठरल्या दिवशी भरेलच. अध्यक्ष नसतील तर हजर सभासदांनी आपल्यातून अध्यक्ष निवडावा. खरीच अडचण, पूर किंवा मृत्यू, असेल तर जमलेल्यांना विचारून, त्यांच्या समोर, त्यांच्या सोयीची तारीख ठरवावी आणि निरोप घरोघरी जाऊन बाईच्या कानावर घालावा. गावात सभा न भरता दार बंद दिसले, तर बायांनी घरी जाऊ नये. पायरीवरच बसावे, हजर असणाऱ्यांची नावे लिहून सह्या-अंगठे घ्यावेत आणि तो कागद त्याच दिवशी गटविकास अधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्यावी. मग “गणपूर्तीअभावी” लिहिताना कुणाचाही हात थरथरेल.

तारीख त्यांनी दिली होती. आम्ही ती पाळली. आता जाब त्यांनी द्यायचा आहे.