चोवीस फुटांचा संसार

२४ फूट ४ इंच. एसटीच्या बसपेक्षाही आखूड. लिन आणि लॅरी पार्डी या जोडप्याच्या ‘सेराफिन’ या शिडाच्या बोटीची ही लांबी. कॅलिफोर्नियात दोघांनी हातांनी बांधलेली ही लाकडी बोट १९६८मध्ये पाण्यात उतरली आणि पुढची अकरा वर्षं तिनं त्यांना जग दाखवलं. तिला इंजिन नव्हतंच. वारा पडला की लांब वल्हं मारायचं, नाहीतर निवांत वाट पाहायची. उजेडाला रॉकेलचे दिवे.

कुणी याला हालअपेष्टा म्हणेल. पार्डींचा हिशेब वेगळा होता: जे आपल्याला दुरुस्त करता येत नाही, ते बोटीवर नको. वस्तू कमी, म्हणून बिघाड कमी. खर्च कमी, म्हणून सवड जास्त.

अशा बोटीवरचा स्टोव्ह हेलकाव्यांबरोबर झुलतो, म्हणून आमटी पातेल्यातच राहते. भांडी खाऱ्या पाण्यात घासायची, गोडं पाणी फक्त शेवटच्या हाताला. पाऊस आला की शिडाची पन्हळ करून पिंप भरायचं. हे सगळं अंगवळणी पडतं. अवघड एवढंच, की रुसून बसायला दुसरी खोली नसते! आणि रात्री एकानं डोळा मिटायचा तो सुकाणूपाशी दुसरं जागं आहे या भरवशावर.

संसाराला याहून जास्त काय लागतं? या अंकाचा विषय आहे ‘पुरेसं घर’. वाचून झाल्यावर आपला माळा एकदा उघडून बघा.

– संपादक