पाण्याचा उतार आणि जातीचा उतार

आम्ही ज्या नाल्याकाठच्या वस्तीत काम करतो, तिथे पावसाळ्याआधी दोन गोष्टी न चुकता येतात. एक, नालेसफाईचा ठेकेदार. दोन, अतिक्रमणाची नोटीस. ठेकेदार ज्यांना गाळात उतरवतो ते आपलेच लोक, आणि नोटीस चिकटते तीही आपल्याच दारावर. नाला तुंबला की दोषी कोण? वस्ती. हे उत्तर शहराने आधीच ठरवून ठेवले आहे. आमचे म्हणणे एवढेच, की आधी हिशेब करा.

हिशेब अवघड नाही. किती पाणी वाहून येईल हे काढताना अभियंते तीन आकड्यांचा गुणाकार करतात: पावसाचा जोर, जमिनीचे क्षेत्रफळ आणि पडलेल्या पाण्याचा किती हिस्सा न मुरता वाहून जातो ते. या तिसऱ्या आकड्याला अपधाव गुणांक म्हणतात. मोकळ्या, झाडीच्या जमिनीचा तो साधारण ०.३ धरा, काँक्रीटचा ०.९. एक हेक्टर जागेवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते पाणी होते ५ लाख लिटर. मातीवरून त्यातले दीड लाख लिटर खाली येते, काँक्रीटवरून साडेचार लाख. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजा: १५ टँकरच्या जागी ४५. वरच्या अंगाला टॉवर आणि पार्किंग झाले, म्हणून वाढलेले हे ३० टँकर कुणाच्या घरात रिकामे होतात?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. असा पाऊस कोणतेही गटार पेलू शकत नाही, हे मान्य. पण मुंबईची जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली होती, तीही ओहोटी धरून. ही क्षमता दुप्पट करा, असे ब्रिमस्टोवॅड अहवालाने १९९३ मध्येच सांगितले होते. दरम्यान मिठीकाठची दलदल आणि खारफुटी भरून वांद्रे-कुर्ला संकुल उभे राहिले. विमानतळासाठी नदीला काटकोनात वळणे दिली गेली. पूर ओसरल्यावर मात्र ‘अतिक्रमण’ हा शब्द चिकटला तो काठावरच्या झोपड्यांना. झोपड्यांनी पात्र मुळीच अडवले नाही, असे आम्ही म्हणत नाही. पण भराव एकरांत मोजायचा आणि झोपडी फुटांत, आणि बुलडोझर फक्त फुटांवर चालवायचा, हा कुठला न्याय?

प्रश्न फक्त पाण्याच्या लोंढ्याचा नाही, घाणीचाही आहे. रस्त्यावरचे तेल, टायरची भुकटी, बांधकामाची धूळ महिनोन्‌महिने साचते आणि पहिल्या जोरदार पावसात धुऊन नाल्यात येते. त्यात सांडपाणी मिसळते. तेच पाणी आमच्या घरांत शिरते, आणि मग लेप्टोचा ताप येतो.

हे सगळे मोजणारे साधन उपलब्ध आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७१ मध्ये तयार केलेले ‘स्टॉर्म वॉटर मॅनेजमेंट मॉडेल’ आज कुणालाही मोफत मिळते. किती घाण साचेल, किती धुऊन येईल, पाणी मुरवणारे पदपथ आणि बागा कुठे केल्या तर लोंढा किती कमी होईल, हे सगळे ते सांगते. पण संगणक विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. ‘नाला किती रुंद करू?’ असे विचारले, तर उत्तरातून वस्ती हटते. ‘वरचे पाणी वरच कसे मुरवू?’ असे विचारले, तर जबाबदारी टॉवरवर येते. प्रश्न कोण विचारतो, यावर कुणाचे घर जाते ते ठरते.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. दामोदर नदीच्या पुराचा प्रश्न आला तेव्हा त्यांच्या खात्याने फक्त काठाचा नव्हे, अख्ख्या खोऱ्याचा विचार पुढे नेला. ऐंशी वर्षांनंतरही आपली शहरे नाल्याच्या काठापलीकडे पाहायला तयार नाहीत.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. नव्या बांधकामामुळे आधीपेक्षा जास्त पाणी खाली येता कामा नये. अपधावाचा हिशेब प्रभागनिहाय आणि मराठीत जाहीर करा. ‘हरित’ प्रकल्पाच्या नावाखाली हटवायचेच असेल, तर आधी त्याच प्रभागात घर द्या. आणि नाल्यात माणूस उतरवणे बंद करा.

शिकलेल्या पोरांनो, एक काम तुमच्यासाठी. प्रत्यक्ष पाणी किती चढले याच्या नोंदीशी ताडून पाहिल्याशिवाय मॉडेलवर विश्वास ठेवता येत नाही. ती नोंद आपल्या भिंतींवर आहे. यंदा वस्तीत जा, पुराची रेघ टेपने मोजा, तारीख आणि वेळ लिहा, फोटो काढा, नकाशावर मांडा. पुढची नोटीस येईल तेव्हा हातात निवेदनाबरोबर हा नकाशाही असू द्या.

जय भीम!