गुठळीचा हिशेब

जेसल पार्कची वस्ती खाडीला लागून आहे. पावसाळ्यात येथील हवा ओलीने जड होते आणि एरवीही तिच्यात खारटपणा असतो. अशा हवेत विजेच्या उपकरणाचे रोधक कवच टिकून राहणे, हा केवळ अभियंत्याच्या काळजीचा विषय नाही. त्याच इमारतीत ज्यांचे दुकान आणि घर आहे, त्यांचाही तो प्रश्न आहे.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांनी निवासी व व्यापारी इमारतींच्या आत केवळ ड्राय टाइप, म्हणजे तेलविरहित ट्रान्सफॉर्मर बसवण्याचे बंधन घातले. त्याच्या एका प्रचलित प्रकारात धातूची वेटोळी इपॉक्सी रेझिनच्या कवचात बंद केलेली असतात. वीजदाबाखाली हे कवच किती विद्युतभार धरून ठेवते, किती ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गमावते आणि किती दाबाला फुटते, यांवरून त्याचे डायइलेक्ट्रिक गुणधर्म ठरतात.

इपॉक्सीत सिलिकाची पूड मिसळण्याची रीत जुनी आहे. मात्र त्या पुडीचे कण मायक्रोमीटर आकाराचे असतात. त्याहून कितीतरी सूक्ष्म, नॅनोमीटर आकाराच्या कणांकडे टी. जे. लुईस या शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये लक्ष वेधले. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. सुमारे १२ नॅनोमीटरच्या कणांची १ ग्रॅम सिलिका घेतली, तर कणांचे एकूण पृष्ठफळ साधारण २०० चौरस मीटर, म्हणजे २,१०० चौरस फुटांहून अधिक भरते. एका ऐसपैस सदनिकेचे क्षेत्र चिमूटभर पुडीत सामावते! कणांचे खरे भांडवल हे पृष्ठफळच होय. इपॉक्सीच्या रेणुसाखळ्या त्याला बिलगतात आणि त्यांची हालचाल मंदावते.

बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील सिंघा आणि थॉमस यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याचा प्रत्यय आला. टायटॅनियम डायऑक्साइडची विद्युतभार धरण्याची क्षमता इपॉक्सीहून कितीतरी अधिक असते. तरीही त्याचे नॅनोकण अगदी अल्प प्रमाणात मिसळल्यावर मिश्रणाची ही क्षमता निव्वळ इपॉक्सीपेक्षाही कमी भरली. साध्या बेरजेच्या हिशेबात हे बसत नाही. ते बसते पृष्ठफळाच्या हिशेबात.

परंतु हे भांडवल कण सुटे राहिले तरच हाती लागते. नॅनोकणांचा स्वभाव एकमेकांना चिकटण्याचा आहे. ताकात बेसन नीट कालवले नाही, तर बाहेरून ओली दिसणारी गुठळी आत कोरडीच राहते. इपॉक्सीतही तसेच घडते. गुठळी झाली की पृष्ठफळ वाया जाते आणि आत हवेची पोकळी अडकू शकते. वीजदाबाचा ताण त्या पोकळीत एकवटतो, तेथे बारीक ठिणग्या पडतात आणि कवच आतून पोखरले जाते. म्हणून कणांवर सिलेनचा लेप देणे, मिश्रण वेगाने घुसळणे किंवा त्यात श्राव्यातीत ध्वनिलहरी सोडणे आणि निर्वातात हवा काढून घेणे, हे उपाय योजले जातात.

आणखी एक बाब खाडीकाठच्या रहिवाशांनी विशेष ध्यानात घ्यावी. इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठातील संशोधकांना २००८ मध्ये असे आढळले, की नॅनोकणयुक्त इपॉक्सी साध्या इपॉक्सीपेक्षा ६० टक्क्यांपर्यंत अधिक पाणी शोषू शकते. जे पृष्ठफळ गुणकारी, तेच ओलीलाही आसरा देते.

तेव्हा ‘नॅनो’ हा शब्द म्हणजे गुणवत्तेची हमी नव्हे. सोसायटीने अथवा व्यापारी संकुलाने ट्रान्सफॉर्मर घेताना शब्दाऐवजी चाचणीचा दाखला मागावा. आंतरराष्ट्रीय मानकानुसार या यंत्रांतील आंशिक विसर्जनाची, म्हणजे आतल्या ठिणग्यांची, मर्यादा १० पिकोकूलम आहे. ओल आणि प्रदूषण सोसण्याच्या क्षमतेनुसार यंत्रांना ‘ई’ वर्ग दिलेले असतात. तो वर्गही विचारून घ्यावा. पेढीवर माल पारखून घेणाऱ्याने आपल्याच तळघरातला माल मात्र न पारखता घ्यावा, हे व्यवहाराला धरून नाही.