विश्लेषण : मनुष्यबळाची ‘लवचिकता’ म्हणजे नेमके काय? तिची किंमत कोणी मोजायची?

मागणी बदलली की माणसे आणि कामाची पद्धतही झटपट बदलता यावी, ही कंपन्यांची अपेक्षा रास्त आहे. मात्र हा बदल दोन मार्गांनी होतो. एक, माणसे बदलणे. दुसरा, माणसांचे काम बदलणे. आपल्याकडे पहिला मार्ग सोपा होत आहे. दुसऱ्याचे काय?

कायदा काय सांगतो?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. कारखाने, खाणी आणि मळ्यांमध्ये कामगार कपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची मर्यादा १०० कामगारांवरून ३०० वर गेली. ठरावीक मुदतीच्या नोकरीलाही मान्यता मिळाली. अशा कामगाराला कायम कामगाराइतकेच वेतन व लाभ आणि वर्षभरानंतर ग्रॅच्युइटी मिळण्याची तरतूद आहे. ही जमेची बाजू. पण मुदत संपली की नोकरीही संपते.

कारखान्यात लवचिकता कशी दिसते?

अनेक कारखान्यांत भिंतीवर कौशल्यांचा तक्ता लावलेला असतो. प्रत्येक कामगाराच्या नावापुढे प्रत्येक कामासाठी चार भागांचे एक वर्तुळ. एक भाग भरला तर तो शिकतो आहे, तीन भरले तर एकट्याने काम करतो आणि पूर्ण वर्तुळ म्हणजे तो इतरांना शिकवू शकतो. एक लाइन थांबली तर कोणाला कुठे हलवायचे, हे या तक्त्यावरून लगेच कळते. खरी लवचिकता हीच. पण वर्तुळ भरायला वेळ लागतो आणि वर्षभरात जाणाऱ्या कामगारावर तो वेळ कोण खर्च करणार?

महाराष्ट्रासाठी हे महत्त्वाचे का?

पुणे-चाकण पट्ट्यातील असंख्य लघुउद्योग इंजिन आणि गिअरबॉक्सचे सुटे भाग बनवतात. इलेक्ट्रिक वाहनात पिस्टन नाही, क्लच नाही, सायलेन्सरही नाही. वीस वर्षे लेथ चालवणाऱ्या कामगाराला बॅटरी किंवा वायरिंगचे काम शिकवायचे की घरी पाठवायचे, हा प्रश्न तिथे उद्याचा नाही, आजचा आहे.

इतरांनी काय केले?

२००९ च्या मंदीत जर्मनीची अर्थव्यवस्था सुमारे ५ टक्क्यांनी आकसली, तरी बेरोजगारी फारशी वाढली नाही. कंपन्यांनी माणसे काढण्याऐवजी कामाचे तास कमी केले. बुडालेल्या निव्वळ वेतनाचा ६० टक्के, मुले असलेल्यांना ६७ टक्के भाग बेरोजगारी विमा यंत्रणेतून मिळाला. रिकाम्या वेळेत प्रशिक्षण देणाऱ्या कंपन्यांना सामाजिक सुरक्षेच्या हप्त्यांत जादा सवलत होती. मागणी परतली तेव्हा कुशल माणसे जागेवरच होती.

मग उणीव कुठे?

आपल्या संहितेतही पुनर्कौशल्य निधी आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचे वेतन त्यात भरायचे आणि ४५ दिवसांत ते कामगाराच्या खात्यात जमा व्हायचे. नुकसानभरपाई वेगळी. हेतू चांगला, पण वेळ चुकीची. नोकरी गेल्यावर हाती आलेली अर्ध्या महिन्याची रक्कम आधी किराणा आणि घरभाड्याला जाते, प्रशिक्षणाला उरत नाही.

हा खर्च कपातीच्या आधी, नोकरी असतानाच व्हायला हवा. चाळिशीतला कामगार दोन वर्षांच्या आयटीआय अभ्यासक्रमाला बसू शकत नाही. त्याला पाळी संपल्यावर करता येतील असे छोटे अभ्यासक्रम हवेत आणि त्या तासांचा पगारही. लवचिकता उद्योगाला हवी असेल, तर तिचा भार एकट्या कामगाराने वाहू नये.