मथळा लिहायला शिका, मोजायलाही शिका

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाला, तेव्हा पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला 'केसरी'ने नकार दिला. ही गोष्ट आपण दरवर्षी भाषणात सांगतो, टाळ्या घेतो आणि घरी जातो. जाहिरातीची जागा ज्याच्या हाती, त्याच्या मर्जीवर आपला आवाज, हा तिचा अर्थ मात्र विसरतो.

आज ती जागा गुगलसारख्या कंपन्यांच्या हाती आहे. तिथे बोली लागते. कुणी मोबाईलवर काही शोधले की क्षणात लिलाव होतो, आणि साधारणपणे क्लिक झाले तरच जाहिरातदाराचे पैसे कापले जातात. लिलाव केवळ पैसेवालाच जिंकतो असेही नाही. शोधणाऱ्याच्या प्रश्नाला जाहिरात किती लागू पडते, हेही पाहिले जाते. म्हणजे चार नेमके शब्द लिहिता येणे हेच भांडवल झाले. ते आमच्या पोरांकडे का नसावे, हा आमचा सवाल आहे.

पारशिवनी तालुक्याचेच घ्या. पेंच व्याघ्र प्रकल्पाचे कोलितमारा गेट याच तालुक्यात आहे. पर्यटक 'पेंच सफारी' शोधतो. त्याला आधी बाहेरचा दलाल दिसला तर कमिशन दलालाचे, आणि गावच्या पोराच्या वाट्याला ताटे उचलण्याची मजुरी.

समजा, गावातल्या एका तरुणाने दोन खोल्या पर्यटकांसाठी काढल्या. गुगलच्या शोध-जाहिरातीत एका मथळ्याला फक्त ३० अक्षरांची मुभा. तो दोन मथळे लिहितो. एक, 'पेंचमध्ये उत्तम निवास'. दुसरा, 'गेटजवळ खोली, घरचे जेवण'. दोन्ही एकाच काळात, एकाच भागात चालवायचे; बाकी सारे सारखे, फरक फक्त मथळ्याचा. पाच-दहा क्लिकवर निकाल लावायचा नाही, पुरेसा आकडा जमू द्यायचा. यालाच स्प्लिट टेस्टिंग म्हणतात.

यात आम्हाला नवे काही वाटत नाही. परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो म्हणून मानू नका, पडताळून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितलेच होते. मग शेठला आवडला म्हणून मथळा चांगला, हे आपण का मानावे?

पण तो उपदेश तिथेच थांबत नाही. जे हिताचे आहे असे स्वतःला कळेल तेच स्वीकारा, हाही त्याचा भाग आहे. उद्या त्याच तरुणाने 'वाघ हमखास दिसणार' असा तिसरा मथळा लावला आणि क्लिक त्यालाच जास्त मिळाले, तर तो जिंकला म्हणायचे का? वाघ काही कुणाचा नोकर नाही. लोक फसून येतील, शिव्या देऊन जातील.

हाच खेळ आज आमच्या मुलांशी चालतो. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापुढे 'हमखास निवड', 'शेवटची संधी' असे मथळे नाचवले जातात. कोणत्या शब्दाने तो घाबरतो, कोणत्या शब्दाने आशेला लागतो, याची चाचणी त्याच्यावरच होते आणि त्याला पत्ताही नसतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगवाल्यांना निवडीची हमी देणाऱ्या जाहिरातींची मनाई केली. नियम झाला, पण फसवा मथळा ओळखणारी नजर नियमाने येत नाही. असे मथळे स्वतः लिहून, मोजून पाहिले की ती येते.

काही मित्र म्हणतील, ही भांडवलदारांची हत्यारे आहेत, चळवळीला कशाला हवीत? मित्रहो, छपाईचे यंत्र तरी आपण कुठे शोधले होते? तरीही बाबासाहेबांनी स्वतःचा छापखाना उभारलाच ना!

म्हणून विहारात, अभ्यासिकेत महिन्यातून एक रविवार यासाठी द्या. दोन मथळे लिहा, थोड्या पैशांत चालवा, वहीत आकडे मांडा. क्लिक किती झाले ते लिहाच. पण त्यातले खरोखर किती जण आले आणि समाधानाने किती परतले, हे दोन रकाने शेजारीच आखा. निकाल त्या रकान्यांवरून लावा.

जय भीम!