डोक्यातली गाठ आणि कमरेवरची नागीण

डोक्यातल्या गाठीचे ऑपरेशन सोलापूरला, पुण्याला किंवा मुंबईला होते. पण महिन्यातले पाच दिवस केमोच्या गोळ्या घेणारा तो पेशंट बाकीचा महिना परंड्यात, भूममध्ये, लोहाऱ्यात आपल्या घरी असतो. अंगाच्या एका बाजूला आग सुटली की तो आधी आपल्या, म्हणजे गावच्या डॉक्टरांच्या, दवाखान्याची पायरी चढतो. म्हणून या रुग्णांची नागीण ही कॅन्सरतज्ज्ञाच्या आधी आपली जबाबदारी आहे.

2005 पासून ग्लायोब्लास्टोमा या मेंदूतल्या घातक गाठीचा उपचार साधारण ठरलेला आहे: सहा आठवडे लाइट (रेडिएशन) आणि सोबत रोज टेमोझोलोमाइड, त्यानंतर दर 28 दिवसांत पाच दिवस तीच गोळी जास्त मात्रेत. मेंदूची सूज उतरवायला डेक्सामेथासोन असतेच. लहानपणी कांजिण्या देऊन गेलेला आणि पुढे नागीण आणणारा विषाणू मज्जातंतूंच्या गाठींत दबा धरून असतो आणि त्याला रोखून धरणाऱ्या लिम्फोसाइट पेशीच हा उपचार घटवतो. ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांबद्दल लिहिले, की उपचार सुरू झाल्यावर दोन महिन्यांत सुमारे 40 टक्के जणांचे सीडी4 200 च्या खाली गेले होते. एचआयव्हीच्या रुग्णात हा आकडा दिसला तर आपण लगेच सावध होतो. इथे मात्र सीबीसीत एकूण पांढऱ्या पेशी बऱ्या दिसल्या की रिपोर्ट बाजूला ठेवतो. स्टेरॉइडमुळे न्यूट्रोफिल वाढून एकूण आकडा फसवतो, तेव्हा लिम्फोसाइटचा आकडा वेगळा काढून पाहायला हवा.

फोड दिसण्याआधी दोन-तीन दिवस नुसती आग आणि ठणका असतो. कोणी मुतखडा समजते, कोणी उसण भरली म्हणते. सदरा पूर्ण काढायला लावून पाठीच्या कण्यापासून पोटाच्या मध्यापर्यंत उजेडात पाहावे, कातडीला बोट लागताच पेशंट दचकतो का तेही पाहावे. फोड नाकाच्या शेंड्यावर असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवावे.

अनेकदा पेशंट येतो तोवर गेरूचा लेप लागलेला असतो, नागीण उतरवणाऱ्याकडे जाऊन झालेले असते. तोंड आणि शेपूट मिळाले की माणूस जातो, ही धास्ती घरात असते. त्यांच्यावर ओरडू नये, लेप हलक्या हाताने धुऊन फोड मोजावेत. वेढा पूर्ण झाल्याने कोणी मरत नाही. पण केमोवरच्या पेशंटमध्ये फोड एका पट्ट्याबाहेर पसरू लागले, तर ती भीती आपल्यालाही वाटली पाहिजे.

असिक्लोव्हिर 800 मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, निदान सात दिवस. 72 तासांच्या आत सुरू झाले तर उत्तम, पण या रुग्णांत नवे फोड येत असतील तोवर उशीर झाला म्हणून सोडून देऊ नये. क्रिएटिनिन पाहून मात्रा ठरवावी, पाणी भरपूर द्यावे. फोड पसरले, डोळा सापडला, किंवा पेशंट असंबद्ध बोलू लागला, तर शिरेतून औषध लागते आणि दाखल करावेच लागते. गुंगी आणि बडबड पाहून घरचे ‘गाठ वाढली’ म्हणतात, आपणही मान डोलावतो. पण हा विषाणू मेंदूला आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांना सूज आणू शकतो, आणि त्यावर औषध आहे.

वेदनेच्या गोळीत सर्वांत जास्त चुका होतात. ट्रामाडॉलने फिट येण्याचा धोका वाढतो, आणि यांतल्या बऱ्याच जणांना फिट येऊन गेलेल्या असतात. स्टेरॉइड चालू असताना आणि प्लेटलेट घटलेल्या असताना डायक्लोफेनॅक पोटात रक्तस्राव घडवू शकते. कार्बामाझेपिन अस्थिमज्जा आणखी दाबू शकते. पॅरासिटामॉल द्यावे, गरज पडल्यास गॅबापेंटिन हळूहळू वाढवावे. चालू असलेले डेक्सामेथासोन एकदम बंद करू नये आणि ‘नागिणीसाठी’ वर आणखी स्टेरॉइडचे इंजेक्शनही देऊ नये. खपली धरेपर्यंत फोड झाकून ठेवावेत. घरात कांजिण्या न झालेली लेकरे किंवा गरोदर सून असेल तर हे विशेष जपावे.

नागिणीची निर्जीव घटकांची लस 2023 पासून भारतात मिळते. दोन डोस लागतात, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना एक-दोन महिन्यांच्या अंतराने देता येतात. ऑपरेशन आणि लाइट यांच्या मधल्या आठवड्यांत पहिला डोस बसू शकतो, मात्र लसीसाठी लाइट लांबवू नये. किंमत आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून वेळेवर दिलेल्या साध्या गोळीचे मोल इथे जास्त.

गाव आणि मोठे रुग्णालय यांच्यातला दुवा इथे नवा नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीच्या अभ्यासात याच धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या सव्वा लाखाहून अधिक बायका सहभागी झाल्या. त्या अभ्यासाचे निष्कर्ष 2009 मध्ये आले आणि जगभर एचपीव्ही तपासणीला बळ मिळाले. ते काम टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाने गावोगावी जाऊन केले. तसेच आता डोक्यातल्या गाठीच्या डिस्चार्ज कार्डावर कॅन्सरतज्ज्ञांनी एक ओळ लिहावी: ‘अंगावर एकतर्फी आग किंवा फोड आल्यास त्याच दिवशी गावच्या डॉक्टरांना दाखवा.’ आणि गावच्या डॉक्टरांनी पुढच्या पाच दिवसांच्या गोळ्या सुरू होण्याआधी त्या तज्ज्ञांना फोन करावा.