विवरणपत्र आणि वैद्य : सी.ए. नेमावा की नेमू नये?

आयकर विवरणपत्रे भरण्याचे दिवस जवळ आले, की आपल्या व्यवसायबंधूंच्या बैठकींत एक प्रश्न हमखास निघतो : विवरणपत्र स्वतः भरावे, की सी.ए. नेमावा? या प्रश्नास मिळणारी उत्तरे बहुधा दोन टोकांची असतात. एक पक्ष म्हणतो, 'आपले उत्पन्न ते केवढे, त्यासाठी वेगळे पैसे कशाला मोजायचे?' दुसरा पक्ष म्हणतो, 'ते सारे आमचे सी.ए. पाहतात, आम्हांस त्यातले काही कळत नाही.' आमच्या मते ही दोन्ही उत्तरे सदोष आहेत. पहिल्यात आपल्या व्यवसायाचे स्वरूप न तपासताच निर्णय घेतलेला असतो. दुसऱ्यात कामाबरोबर जबाबदारीही दुसऱ्यावर सोपवली, असा भ्रम असतो. रुग्णाची प्रकृती न पाहता औषधयोजना करणे आपण गैर मानतो. येथेही तोच न्याय लावावयास हवा.

कायदा वैद्यास ओळखतो

आयकराचा हिशेब हा मोठ्या शहरांतील रुग्णालयांचा विषय आहे, अशी समजूत आपल्या वर्गात अजूनही आढळते. वस्तुस्थिती तशी नाही. १९६२ च्या आयकर नियमांतील नियम ६ एफ अन्वये वैद्यकीय व्यावसायिकांसाठी नमुना ३ सी ही दैनंदिन रुग्णनोंदवही ठरवून देण्यात आली. तिच्या शीर्षकातच कोणत्याही चिकित्सापद्धतीचे व्यावसायिक असे म्हटले असून वैद आणि हकीम यांचा नावानिशी उल्लेख आहे. दिनांक, अनुक्रमांक, रुग्णाचे नाव, दिलेल्या सेवेचे स्वरूप, मिळालेले शुल्क आणि ते मिळाल्याचा दिनांक, एवढेच तिचे रकाने. याखेरीज वर्षाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी शिल्लक असलेल्या औषधांची यादी ठेवणेही त्याच नियमात सांगितले आहे. ज्याच्या दवाखान्यात केसपेपर नीट लिहिला जातो, त्यास यात अवघड असे काहीच नाही.

पुढे २०१६ च्या वित्त अधिनियमाने कलम ४४ एडीए आणले आणि लहान व्यावसायिकांचे काम बरेच सोपे झाले. वर्षाची ढोबळ जमा ५० लाख रुपयांपर्यंत असेल, तर तिच्या किमान ५० टक्के रक्कम उत्पन्न म्हणून दाखवावी. खर्चाचा तपशील देण्याची वा सविस्तर हिशेबपुस्तके ठेवण्याची सक्ती नाही. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, रोख जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांहून अधिक नसल्यास, ही मर्यादा ७५ लाखांपर्यंत वाढविण्यात आली. आगाऊ करही चार हप्त्यांऐवजी १५ मार्चपर्यंत एकदाच भरावयाचा असतो.

स्वतः कोणी भरावे?

आपण व्याधींची साध्यासाध्यता पाहतो, तशीच विवरणपत्राचीही पाहता येईल. एखाद्या तालुक्याच्या गावी एकच दवाखाना चालविणाऱ्या वैद्याचे उदाहरण घेऊ. वर्षाची जमा १८ लाख, घरभाडे नाही, शेअरबाजारातील व्यवहार नाहीत, बँकेतील ठेवींचे किरकोळ व्याज तेवढे आहे. कलम ४४ एडीए प्रमाणे उत्पन्न ९ लाख. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर कलम ८७ ए ची सूट असल्याने देय कर शून्य. मात्र कर शून्य म्हणून विवरणपत्र टळत नाही, हे ध्यानी ठेवावे; व्यवसायातील जमा १० लाखांहून अधिक असल्यास २०२२ च्या नियमानुसार विवरणपत्र भरणे बंधनकारक झाले आहे. अशा वैद्यास 'सुगम' हा आयटीआर-४ नमुना एका दुपारी स्वतः भरता येईल. हे प्रकरण सुखसाध्य म्हणावे. यासाठी दरवर्षी सी.ए.चे मानधन दिलेच पाहिजे, असे आम्हांस वाटत नाही.

हाच वैद्य आठवड्यातून दोन दिवस एखाद्या रुग्णालयात जात असेल आणि तेथील मानधनातून १० टक्के करकपात होत असेल, तर ती कापलेली रक्कम विवरणपत्र भरल्यावाचून परत मिळत नाही. नोव्हेंबर २०२१ पासून आयकर विभागाच्या संकेतस्थळावर वार्षिक माहिती विवरण उपलब्ध आहे. त्यातील नोंदी आपल्या वहीशी ताडून पाहणे, एवढी दक्षता येथे पुरेशी आहे.

सल्ला कोणी घ्यावा?

आता दुसरे उदाहरण पंचकर्म केंद्राचे. येथे गणित बदलते, आणि ते आपल्या शास्त्राच्या स्वरूपामुळेच बदलते. नुसता सल्ला देणाऱ्या चिकित्सकाचा खर्च जमेच्या निम्म्याहून पुष्कळ कमी असतो. स्नेहन-स्वेदन-बस्तीचे केंद्र चालविणाऱ्यास मात्र तेल, तूप, काढ्यांची भरड, परिचारकांचे पगार, जागेचे भाडे, धुलाई, इंधन असा मोठा खर्च असतो. समजा, वर्षाची जमा ४० लाख आणि प्रत्यक्ष खर्च २६ लाख आहे. खरे उत्पन्न १४ लाख. परंतु कलम ४४ एडीए प्रमाणे ते २० लाख धरले जाईल. आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत २० लाखांवर उपकरासह २,०८,००० रुपये कर होतो, तर १४ लाखांवर ९३,६०० रुपये. फरक १,१४,४०० रुपयांचा आहे.

हा फरक वाचवावयाचा तर निम्म्याहून कमी उत्पन्न दाखवावे लागते, आणि तसे दाखविल्यास हिशेबपुस्तके ठेवणे व सी.ए.कडून लेखापरीक्षण करून घेणे या दोन्ही गोष्टी बंधनकारक होतात. म्हणजे प्रश्न असा उरतो : पुस्तके लिहिण्याचा आणि लेखापरीक्षणाचा खर्च वाचलेल्या करापेक्षा कमी आहे काय? प्रत्येक बिल जपून ठेवलेले असेल, परिचारकांचे पगार बँकेतून दिले असतील, तर उत्तर बहुधा 'होय' असे येईल. बिलेच नसतील, तर कितीही निष्णात सी.ए. नेमला तरी तो खर्च सिद्ध होणार नाही.

तिसरा प्रश्न औषधविक्रीचा. वैद्य स्वतः औषध देतो, ही आपली जुनी परंपरा. परंतु कायद्याच्या दृष्टीने रुग्णास तपासून उपचाराचा भाग म्हणून दिलेले औषध वेगळे, आणि दवाखान्याशेजारी दुकान काढून कोणासही विकलेले च्यवनप्राश वा केशतैल वेगळे. पहिली व्यावसायिक जमा, दुसरा व्यापार. मान्यताप्राप्त भारतीय चिकित्सापद्धतींच्या आरोग्यसेवेस वस्तू व सेवा करातून १ जुलै २०१७ पासून सूट आहे; दुकानातील औषधविक्रीस ती नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदिक औषधांवरील दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तरी कर आहेच. दोन्ही जमा एकाच गल्ल्यात पडत असतील, तर त्यांची विभागणी कशी करावी आणि नोंदणीची वेळ केव्हा येते, हे जाणकारास विचारूनच ठरवावे.

याखेरीज जुनी करप्रणाली निवडू इच्छिणाऱ्यांनी निर्णयापूर्वी एकदा तरी सल्ला घ्यावा, असे आम्ही आवर्जून सांगू. पगारदारास दरवर्षी निवड बदलता येते. व्यावसायिकास मात्र नव्या प्रणालीतून बाहेर पडल्यावर एकदाच परत येता येते. जमीन वा घर विकले असेल, भागीदारीत केंद्र काढले असेल, विभागाची नोटीस आली असेल, तर हीही प्रकरणे कृच्छ्रसाध्य समजावीत. आणि अनुमानित योजनेबाहेर असलेल्याची जमा ५० लाखांच्या वर गेली, की निवडीचा प्रश्नच राहत नाही. लेखापरीक्षण कायद्यानेच आवश्यक ठरते.

१ एप्रिल २०२६ पासूनच्या कालखंडासाठी १९६१ च्या अधिनियमाऐवजी आयकर अधिनियम २०२५ आहे. त्यात अनुमानित उत्पन्नाची तरतूद कलम ५८ मध्ये कायम आहे. परंतु कलमांचे क्रमांक व संज्ञा बदलल्या आहेत. स्वतः विवरणपत्र भरणाऱ्यांनी जुन्या टिपणांवर विसंबून राहू नये.

नेमावा तर कसा?

सी.ए. नेमण्याचे ठरल्यास काही गोष्टी आधीच विचाराव्यात. त्यांच्याकडे इतर वैद्यकीय व्यावसायिकांचे काम आहे काय? मानधन केवळ विवरणपत्राचे, की वर्षभराच्या सल्ल्याचे? नोटीस आल्यास उत्तर देण्याचे काम त्यात धरले आहे काय? जो कोणी 'परतावा मिळवून देतो, त्यातील अमुक टक्के द्या' असे म्हणेल, त्यापासून दूर राहावे. मिळणाऱ्या परताव्याच्या टक्केवारीवर मानधन आकारणे सनदी लेखापालांच्या आचारसंहितेस धरून नाही. असे बोलणारा बहुधा सनदी लेखापाल नसतोच. खोट्या वजावटी दाखवून परतावे मिळवून देणाऱ्या मध्यस्थांवर जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने देशभर कारवाई केली, हे विसरता कामा नये.

कारण विवरणपत्रावर सत्यापन करतो तो करदाता. ते कोणी भरले, हे विभाग नंतर पाहतो. कोणाचे आहे, हे आधी पाहतो. १९६१ च्या अधिनियमातील कलम २७० ए प्रमाणे उत्पन्न कमी दाखविल्यास बुडविलेल्या कराच्या ५० टक्के, आणि चुकीची माहिती देऊन दाखविल्यास २०० टक्के दंड आहे. 'आमच्या सी.ए.ने भरले' हे उत्तर तेथे चालत नाही. औषध परिचारकाने दिले असले तरी चिकित्सेची जबाबदारी वैद्याचीच असते, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

नोंदवही कोणाची?

येथे मूळ मुद्द्यावर यावयाचे. कलम ४४ एडीए खाली पुस्तके ठेवण्याची सक्ती नाही, म्हणून कित्येकांनी वही लिहिणेच सोडले. परंतु जमेच्या निम्मे उत्पन्न धरावयाचे, तर जमा किती हे कोठून कळणार? बँकेत आली तेवढीच जमा मानण्याचा प्रघात आपल्यात रूढ होऊ पाहत आहे. रोखीने मिळालेले शुल्क त्यात दिसत नाही. ही हातचलाखी आज खपेलही. पण उद्या पंचकर्म केंद्रासाठी कर्ज मागावयास गेल्यावर बँक मागील वर्षांची विवरणपत्रे मागते, आणि त्यांत दाखविलेल्या तुटपुंज्या उत्पन्नावरच कर्जाची रक्कम ठरते. नवपदवीधर वैद्यांनी याचा विशेष विचार करावा. शिवाय जो आपल्या शास्त्रास इतर शास्त्रांच्या बरोबरीचा मान मागतो, त्याने हिशेबातही तेवढेच चोख असावयास नको काय?

म्हणून आमचे मत असे की, सी.ए. नेमणे हा सोयीचा व हिशेबाचा प्रश्न आहे. नोंदवही ठेवणे हा निवडीचा प्रश्न नाही. दररोज दवाखाना बंद करताना दहा मिनिटे, महिन्याअखेरीस औषधखरेदीची बिले एका फाइलीत, ३१ मार्चला साठ्याची यादी, दवाखान्याचे बँक खाते घरखर्चाच्या खात्याहून वेगळे, एवढे ज्याने केले त्यास सी.ए. लागलाच तर त्याचे काम थोडे व मानधन माफक राहील. ज्याने केले नाही, त्यास कोणताही सी.ए. तारू शकणार नाही.

आपल्या संघटनेच्या शाखांनी दरवर्षी फेब्रुवारीत, म्हणजे आगाऊ कराच्या मुदतीपूर्वी, स्थानिक सनदी लेखापालास बोलावून सभासदांसाठी एक सभा ठेवावी, अशी सूचना आम्ही येथे करीत आहो. सभासदांनी त्या सभेस येताना आपली नोंदवही सोबत आणावी. सी.ए. नेमावा की नाही, याचे उत्तर बहुतेकांना तीच देईल.